तीन मिनिटं झाली, वाढवू का?

४ सप्टेंबर, सोमवार

बावीस दिवस उरले. कॅलेंडरवर २६ तारखेभोवती मी मार्चमध्ये लाल गोल काढला होता, मोठ्या उत्साहात. आता तो गोल दिसला की मी नजर फिरवतो.

सकाळी जुन्या ऑफिसच्या साहेबांचा फोन. तीन वर्षांपूर्वी राजीनामा दिला तेव्हा यांनीच विचारलं होतं, "व्हिडिओ गेम? म्हणजे लहान मुलांचे?" आज म्हणाले, "तुझी जागा परत रिकामी झालीय. तीस तारखेपर्यंत थांबतो. नंतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." विचार करून सांगतो म्हणालो. यात विचार करण्यासारखं काही नाही. २६ ला गेम विक्रीला लागणार, चार दिवसांत काय तो अंदाज येणार. चालला तर मी माझा मालक. नाही चालला तर पुन्हा तीच खुर्ची, तीच लिफ्ट आणि लिफ्टमधला तोच आरसा.

गेम साधा आहे. जुन्या काळचं टेलिफोन एक्स्चेंज, तुम्ही ऑपरेटर. समोर बोर्ड, त्यावर ओळीने भोकं, प्रत्येक भोकावर एक बारका दिवा. दिवा लागला की दोरीचा प्लग तिथे खुपसायचा, नंबर विचारायचा, दुसरी दोरी हव्या त्या भोकात. मग दोन माणसं बोलू लागतात आणि ते तुम्हाला ऐकू येतं. तीस घरांच्या गोष्टी त्या बोलण्यातून उलगडत जातात. एवढ्याशा गोष्टीला तीन वर्षं लागली हे कोणाला सांगायचीही सोय नाही.

आई बत्तीस वर्षं असल्याच बोर्डापुढे बसली. कल्पना तिथूनच आली. लहानपणी तिच्याकडून जे कानावर पडलं होतं ते पुरेसं होतं, बाकीचं मी पुस्तकांतून आणि फोटोंवरून जमवलं.

जेवताना ती म्हणाली, "मला दाखव की एकदा."

"झाल्यावर दाखवतो."

"कधी होणार?"

"तुला नाही गं जमायचं. माऊस पकडायचा, ओढायचं, सोडायचं. आधी हात तरी बरा होऊ दे."

एप्रिलमध्ये ती बाथरूममध्ये पडली. प्लास्टर निघालं तरी उजवं मनगट अजून नीट वळत नाही. चमचाही डाव्या हाताने धरते. "बरं," म्हणाली आणि ताट उचलून गेली.

७ सप्टेंबर, गुरुवार

त्रेचाळीस जणांकडे अर्धाकच्चा गेम आहे. ते खेळतात, काय खटकलं ते फॉर्ममध्ये लिहून पाठवतात, मी दुरुस्त करतो. मला त्यांचे फक्त क्रमांक दिसतात. त्यातल्या दोघांना मी नावं ठेवली आहेत, दोन्ही अर्थांनी.

पहिला वादळ. दिवसातून पाच वेळा लिहितो आणि एका वेळी एक शब्द. "स्लो." "बोअर." परवा प्रगती झाली, "खूप बोअर" आलं.

दुसरं कासव. ताईने जुलैत तिच्या ओळखीच्या कोणासाठी तरी लिंक मागून घेतली होती, त्याच सुमारास हे आलं. कोणासाठी ते विचारायचं राहूनच गेलं. जो बोर्ड इतर लोक दहा मिनिटांत संपवतात त्यावर कासव दोन तास बसतं. आणि रिपोर्ट असे लांबलचक, की वाचताना चहा गार होतो. रोज चारलाच येतो, नेमका मी कप हातात घेतो तेव्हा. आजचा इथे उतरवून ठेवतो:

"दिवा पिवळा असतो. तुमचा हिरवा आहे. दोरी उजव्या हाताने ओढताना सुटते, डाव्या हाताची सोय करावी. अक्षरं मोठी करावीत. तीन मिनिटं झाली की तुमचा खेळ कॉल तोडतो. कॉल तोडायचा नसतो. मध्ये जाऊन विचारायचं असतं, तीन मिनिटं झाली, वाढवू का. हळू आवाजात विचारायचं. पलीकडे कोणी रडत असेल तर विचारायचंही नाही, आपणच वाढवायचा. तुम्ही रडणाऱ्या माणसाचाही कॉल तोडता."

कोणीतरी निवृत्त गृहस्थ असणार, त्याच खात्यातले. वेळच वेळ आहे बिचाऱ्यांना.

मी नम्रपणे कळवलं की तीन मिनिटांचं घड्याळ हा या खेळाचा कणा आहे, ते काढलं तर आव्हान उरत नाही.

उत्तर आलं, "बरं."

१२ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यांचं मत मागवलं होतं. त्रेचाळीसपैकी एकतीस जणांना गेम वेगवान हवा. बहुमत म्हणजे बहुमत. घड्याळ तीन मिनिटांवरून दोनवर आणलं. सलग दहा कॉल जोडले की ढणढण वाजतं आणि बोर्ड चमकतो. वादळ म्हणतं, "बरंय." मला पुरस्कार मिळाल्यासारखं झालं. किती खाली आलोय मी.

आई दारात येऊन उभी राहिली. "हे काय रे वाजतंय मघापासून?"

"बक्षिसाचा आवाज आहे. दहा कॉल सलग जोडले की वाजतो."

"आम्ही एका शिफ्टला चारशे जोडायचो," ती म्हणाली. "कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही."

मी "हं" म्हणालो. माझं लक्ष पडद्यावर होतं.

कासवाची भुणभुण थांबावी म्हणून दिवसभर बसून त्यांच्यापुरती वेगळी प्रत करून दिली. घड्याळ नाही, पिवळे दिवे, मोठी अक्षरं, डाव्या हाताची सोय, आणि "वाढवू का?" असं विचारायचं बटण. एका माणसासाठी एक अख्खा दिवस! धंद्याची अक्कल असलेला माणूस असं करत नाही. पण करताना, का कोण जाणे, डोकं दुखायचं थांबलं होतं.

१६ सप्टेंबर, शनिवार

गुरुवार-शुक्रवार घरातलं इंटरनेट बंद होतं. दुरुस्तीवाला आज आला, बाहेरची वायर उंदराने कुरतडली म्हणाला. इंटरनेट सुरू झाल्यावर तुंबलेले एकशे बारा रिपोर्ट धडाधड आत आले. वादळाचेच चौदा.

कासवाचा मात्र दोन्ही दिवस एकही नाही. या वयात तब्येतीचं काही सांगता येत नाही. उगाच काळजी वाटली. मग आज चारला आला, नेहमीसारखाच: "नवी प्रत चांगली आहे. पिवळा रंग बरोबर जमला. हाताला व्यायाम होतो." म्हणजे त्यांचाही हात दुखतो वाटतं.

आईने दुपारी दोन ते चार खोलीचं दार लावून घ्यायचं सुरू केलंय, दोनेक महिने झाले. ताईने तेव्हा आपला जुना लॅपटॉप तिला दिला, व्हिडिओ कॉलसाठी. मायलेकी दोन-दोन तास काय बोलतात देव जाणे. मी विचारलं तर म्हणाली, "असतात आमची कामं."

२१ सप्टेंबर, गुरुवार

थकलो. खरंच थकलो. सकाळी दाढी करताना अर्धीच करून बाहेर आलो आणि जेवायला बसेपर्यंत कळलं नाही. आईने आरसा आणून समोर धरला.

गेम वेगवान झाला, चकचकीत झाला, सगळ्यांनी मागितलं ते सगळं त्यात आलं. काल मी स्वतः खेळायला बसलो आणि वीस मिनिटांनी लक्षात आलं की मी कोणाचंही बोलणं ऐकत नाहीये. दिवा, दोरी, प्लग, ढणढण. तीस घरांच्या गोष्टी लिहायला मला दीड वर्ष लागलं होतं. त्या ऐकायला आता दोन मिनिटंसुद्धा नाहीत. पण आता बदल करायला वेळ नाही, आणि एकतीस जण चुकीचे आणि मी तेवढा शहाणा, असं म्हणायची हिंमतही उरलेली नाही.

ताईचा फोन आला. "आईला दाखवलास का गेम?"

"अगं वेळ कुठे आहे? सव्वीस होऊ दे."

"तू ना, आंधळा आहेस."

"चष्म्याचा नंबर वाढलाय खरा," मी म्हणालो. तिने फोन ठेवला. घरातल्या बायकांना हल्ली माझ्या विनोदांचं वावडं झालंय.

२५ सप्टेंबर, सोमवार

उद्या. सगळं तयार आहे. फोल्डरमध्ये "शेवटचा", "शेवटचा नवा", "शेवटचा खरा" आणि "शेवटचा कासव" अशा चार प्रती आहेत. संध्याकाळी कासवाच्या प्रतीत एक चूक सापडली, शुद्धलेखनाची. त्या प्रतीकडे आता कोण बघणार? पण मला राहवेना, दुरुस्त करून ठेवली. दहा मिनिटांचं काम.

आई म्हणाली, "उद्या नीट जेवून बस." जणू माझी परीक्षा आहे.

२६ सप्टेंबर, मंगळवार

आज माझे बारा वाजले. नीट क्रमाने लिहितो, म्हणजे विश्वास बसेल.

सकाळी दहाला गेम विक्रीला सोडला. दोन तास शांतता. बाराला वादळाचा निरोप आला, त्याच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत लांब: "घड्याळ कुठे गेलं???"

मी उघडून पाहिलं. पिवळे दिवे. मोठी अक्षरं. "वाढवू का?"

फोल्डरमध्ये सगळ्यांत ताजी प्रत सगळ्यांत वर येते. काल संध्याकाळी मी शेवटचा हात कासवाच्या प्रतीला लावला होता, म्हणून ती वर आली. मी सकाळी न बघता वरची उचलली आणि जगाला देऊन मोकळा झालो. तीन वर्षांचं काम, आणि शुद्धलेखनाच्या एका चुकीपायी असं झालं.

बरोबर प्रत लगेच पाठवली. पण विक्री करणारी मंडळी कुठलाही बदल आधी तपासतात, मग परवानगी देतात. त्याला दोन दिवस. म्हणजे तीस तारखेच्या आतले माझे चारपैकी दोन दिवस पाण्यात.

मी टेबलावर डोकं टेकून बसलो होतो. आई चहा घेऊन आली. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. बऱ्याच वर्षांनी ठेवला असेल. "काय झालं?"

"चूक झाली. चुकीचा गेम गेला."

"चुकीचा म्हणजे?"

"एका म्हाताऱ्या गृहस्थांसाठी वेगळा केला होता. संथ. घड्याळ नाही, काही नाही. तोच गेला सगळ्यांना."

तिने डोक्यावरचा हात काढला. "मग तो वाईट आहे का?"

"वाईट नाही गं. पण असला कोण खेळणार?"

तिने कप उचलला. "साखर घालायची राहिली," म्हणाली आणि आत गेली. मी चव घेतली होती. साखर होती.

२७ सप्टेंबर, बुधवार

सकाळपर्यंत दोनशे चार जणांनी विकत घेतला, एकतीस जणांनी परत केला. एकतीस हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही. "यात जिंकायचं कसं?" "झोप आली." "पैसे परत." वाचून वाचून नाकीनऊ आले.

चारला कासवाचा रिपोर्ट: "कालपासून सर्वांना हाच बोर्ड मिळाला आहे असं कळलं. चुकून झालं असेल तर खुशाल सुधारावं. मला वाईट वाटणार नाही. तुमचं नुकसान होऊ नये."

त्यांना कसं कळलं कोणास ठाऊक. बातम्या लवकर पसरतात.

आई आज जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

काल दुपारी परवानगी आली. वेगवान प्रत तयार, फक्त बटण दाबायचं. मी बटणावर बोट ठेवून बसलो आणि दाबलं नाही.

त्याआधी एकीचा अभिप्राय वाचला होता. ती दवाखान्यात रिसेप्शनवर असते. लिहिलं होतं: "दिवसभर लोकांना 'थांबा, पुढचा कॉल घेते' असं म्हणत असते. काल पहिल्यांदा एका बाईचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं, खेळातल्या. अकरा मिनिटं बोलत होती. दर तीन मिनिटांनी वाढवत गेले." खाली असेच आणखी सात-आठ होते. फार नव्हते. पण ते सगळे त्या तीस घरांबद्दल बोलत होते, नावानिशी, शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसे.

मी दीड वर्ष लिहिलेलं कोणीतरी ऐकलं होतं. मी रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही.

मोठा निर्धार वगैरे केला असं नाही. भांडायचाही कंटाळा आला होता. आज संथ गेम तसाच ठेवला आणि ज्यांना घड्याळ हवं त्यांच्यासाठी आत एक बटण दिलं. ढणढण मात्र कायमची काढली. वादळाला कळवलं. उत्तर आलं, "ठीक." आपला माणूस आहे तो.

आईला सांगितलं, संथच ठेवला. तिने विचारलं, "नुकसान नाही ना होणार?" मी म्हणालो, थोडं होईल. ती म्हणाली, "होऊ दे मग." आणि रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

३० सप्टेंबर, शनिवार

एकूण विक्री चारशे अठरा. बरे लोक, चांगले शब्द, पण यावर घर चालत नाही. साहेबांना फोन केला. "मंगळवारपासून येतो." ते म्हणाले, "मग, काय दिवे लावलेस तीन वर्षांत?" मी म्हणालो, "पिवळे." त्यांना कळलं नाही, हसले मात्र.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण जसं वाटेल म्हणून तीन वर्षं भीत होतो तेवढं नाही वाटलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिस. लिफ्टमधला आरसा बदललाय. माणूस तोच.

८ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर रिपोर्ट उघडलेच नव्हते. ऑफिसातून आलो की अंगात त्राण उरत नाही. आज दुपारी उघडले. कासवाचा एकच होता, शुक्रवारी चारचा.

"आता तुम्हाला नोकरीमुळे वेळ नसेल. जमलं तर एवढं करावं. शिफ्ट संपताना ऑपरेटरला एक कॉल द्यावा, तिचा स्वतःचा. आम्हाला बोर्डावरून घरी बोलायला मनाई होती. सुपरवायझर बाई पाठमोऱ्या झाल्या की घरचा नंबर लावायचा, दोन रिंगा जाऊ द्यायच्या आणि दोरी काढून घ्यायची. घरी मुलगा असायचा. त्याला कळायचं, मी निघाले. आमच्या जिन्यात फार अंधार असे. तो दिवा लावून ठेवायचा."

मी हे तीनदा वाचलं.

मी सात वर्षांचा होतो. संध्याकाळी फोन वाजायचा, दोनदा, आणि थांबायचा. उचलायचा नाही अशी ताकीद होती. मी स्टूल सरकवून त्यावर चढायचो आणि जिन्यातला दिवा लावायचो. मग पायरीवर बसून राहायचो. खालून चपलांचा आवाज यायचा. वर येता येता ती दर वेळी म्हणायची, "नंबर प्लीज?" आणि मी आमचा नंबर सांगायचो.

तो नंबर मला अजून पाठ आहे. बाकी काहीच कसं आठवलं नाही?

मागचे सगळे रिपोर्ट काढून बसलो. चार वाजता. डावा हात. ताईने मागितलेली लिंक. इंटरनेट बंद होतं ते दोन दिवस. माझी नोकरी, जी मी खेळणाऱ्यांपैकी कोणालाही सांगितलेली नव्हती. आणि ते "बरं". जुलैपासून माझ्याच घरातून, भिंतीच्या पलीकडून, माझी आई मला "तुम्ही" म्हणत लिहीत होती आणि मी तिला उलट टपाली कणा समजावून सांगत होतो. तोंडावर म्हातारे गृहस्थ म्हणालो तिला. लाज वाटली, अशी की कान तापले. तीस घरांची बोलणी ऐकायचा गेम केला मी, आणि जिची गोष्ट होती तिला "हं" म्हणत राहिलो.

उठून तिच्या खोलीत जावं असं वाटलं. पण जाऊन काय म्हणणार होतो?

त्याऐवजी तो कॉल करायला बसलो. दुपारपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत. शिफ्ट संपते, बोर्डावरचे सगळे दिवे विझतात, एक दोरी उरते. ती घराच्या भोकात घालायची. दोन रिंगा. काढून घ्यायची. झालं. यात जिंकण्यासारखं काही नाही.

बाहेर अंधारून आलं होतं. घरात कुठेच दिवा लावलेला नव्हता. मी फोन घेतला, आईचा नंबर लावला. पलीकडच्या खोलीत वाजला. एकदा. दोनदा. मी कट केला.

मग खुर्ची सरकली. सावकाश पावलं आली, माझ्या दाराबाहेर थांबली. माझ्या दाराखालच्या फटीतून उजेड आत आला. तिने पॅसेजमधला दिवा लावला होता.

मी लॅपटॉप उचलून दाराकडे गेलो. तिने दाखव म्हणून कधीचं सांगितलं होतं.